‘ऱ्य’ फुटला, आता विचारायचं कुणाला?

सुप्याच्या चौकात एसटीची वाट बघत उभं राहिलं की डोक्यावरचे फ्लेक्स वाचण्यावाचून दुसरं काम नसतं. वाढदिवस, दशक्रिया विधी, नवीन हॉटेलचं उद्घाटन, इच्छुक उमेदवार. त्यात थोड्या थोड्या अंतरावर एक ‘शेतकर्यांचे कैवारी’ भेटतात. त्यांना व्हायचं असतं ‘शेतकऱ्यांचे’ कैवारी. पण य ला डावीकडून चिकटणारा तो छोटा आडवा र कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी हरवतो आणि य च्या डोक्यावर रफार येऊन बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या, हे आपल्याला शाळेत बाईंनी शिकवलेलं असतं. आमच्या पारनेर तालुक्यात दऱ्या आहेत, दर्या नाही. फ्लेक्सवर मात्र समुद्र उसळत असतो.

यावर सगळ्यात सोपं म्हणजे फ्लेक्सवाल्यांना नावं ठेवणं. ‘यांना साधं मराठी येत नाही.’ येतं हो. मी इंटर्नशिपसाठी रोज सुप्याहून नगरला जाते (अहिल्यानगर म्हणायची सवय हळूहळू लागतेय). तिथे शुद्धलेखनात भल्याभल्यांना गार करणारी माणसं बसतात, आणि त्यांच्याही स्क्रीनवर हा र फुटतो. प्रश्न व्याकरणाचा नाहीच, सॉफ्टवेअरचा आहे. त्याचं उत्तरही आहे. ते शोधताना मला जे दिसलं, त्यावर हा लेख आहे.

आधी उत्तर सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याचीच वाट बघाल. युनिकोडमध्ये साधा र, मग हलन्त, मग य दिला की कॉम्प्युटर रफार काढतो. आडवा र हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग उजवीकडची तिरक्या रेघेची कळ. दुसराही एक रस्ता आहे. त्यात साधा र, हलन्त, मग ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं अक्षर आणि मग य. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, पण आतून वेगळे असतात. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांचा’ दुसऱ्या पद्धतीने सर्च केला तर सापडेलच असं नाही. आणि इनडिझाईनमध्ये सगळीच जोडाक्षरं सुटी पडत असतील तर परिच्छेदाच्या मेनूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायचा. दोन क्लिकचं काम.

दोन क्लिकचं काम, आणि माहीत होईपर्यंत अख्खी पानं हाताने दुरुस्त करायची. का? कारण हे उत्तर मराठीत, सगळ्यांना सापडेल अशा जागी मला दिसलं नाही. ज्यांना ते माहीत आहे, त्यांनी ते सांगितलेलंही आहे. अनेकदा सांगितलंय. पण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये.

आमच्याकडचे एक फ्लेक्सवाले दादा अशाच एका ग्रुपमध्ये आहेत. डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, लग्नपत्रिका छापणारे, दोन-तीन जिल्ह्यांतले. ग्रुप भरलेला आहे. १०२४ ही व्हॉट्सअॅपची मर्यादा, त्यामुळे कुणी बाहेर पडलं तरच नवीन माणूस आत. दादांनी मला ग्रुप दाखवला तेव्हा खरंच भारी वाटलं. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये मजकूर नेताना वेलांट्या का सरकतात, कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत उघडलेली फाईल नवीनमध्ये का बिघडते, मशीनवर काळा रंग तपकिरी का येतो. रात्री अकरा वाजता विचारलं तरी पाच मिनिटांत कुणीतरी उत्तर देतं. इतकी तत्पर मदत पैसे मोजूनही मिळत नाही. ती करणारी माणसं दिवसभर दुकानात उभी असतात, आणि त्यांना या मदतीचे काहीच मिळत नाहीत.

पण त्याच ग्रुपमध्ये मी ‘ऱ्य’ शोधायला सांगितलं आणि दादा हसले. तो प्रश्न दर काही महिन्यांनी येतो. नवीन पोरगं विचारतं, जुना माणूस लिहितो, ‘अरे मागे आलं होतं, वर बघ.’ वर म्हणजे किती वर? मध्ये हजारो गुड मॉर्निंग, भावपूर्ण श्रद्धांजली आणि सेकंड हँड प्रिंटरच्या जाहिराती आहेत. शिवाय उत्तरं बरीचशी व्हॉइस नोटमध्ये. व्हॉइस नोट सर्च होत नाही. आणि ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला जुनं आपोआप दिसतही नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ‘वर’ काही नसतंच.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एकमेकांना मदत करायची कुठे, हा प्रश्न काही व्हॉट्सअॅपबरोबर जन्मलेला नाही. आपल्या आधीच्या लोकांनी त्यावर चांगली कडाक्याची भांडणं केली आहेत. त्यांचे दोन पक्ष होते, मेलिंग लिस्टवाले आणि वेब फोरमवाले. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांनी पहिला शब्द ऐकलेलाही नसेल, म्हणून थोडक्यात सांगते.

मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामायिक ईमेल पत्ता. तुम्ही त्यावर एक मेल टाकली की यादीतल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाते. कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. यादी सांभाळायचं, पत्रं वाटायचं काम सॉफ्टवेअर करतं. १९८६ मध्ये आलेलं ‘लिस्टसर्व्ह’ हे त्यातलं गाजलेलं नाव, पुढे ‘मेलमन’ आलं. बहुतेक तांत्रिक याद्यांचा जुना संग्रह वेबवर उघडा असतो, सभासद नसलात तरी वाचता येतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आजही मुख्यतः अशा ईमेल याद्यांवरच घडतो. आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. तिथल्या लिनक्स यूजर्स ग्रुपची, म्हणजे ‘प्लग’ची, मेलिंग लिस्ट होती, भेटी व्हायच्या, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नुनिफाय’ भरायचा. लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी २००० च्या सुमारास सुरू झालेला ‘इंडलिनक्स’ही अशाच याद्यांवर चालला. कॉम्प्युटरच्या मेनूत ‘फाईल’, ‘संपादन’ असं मराठी दिसतं, त्यामागे अशा पत्रव्यवहारांतून काम केलेली माणसं आहेत.

फोरम म्हणजे वेबवरची एक जागा. तिथे जायचं, प्रश्नाचा धागा उघडायचा, खाली उत्तरं येतात, धागा तिथेच राहतो. मराठी माणसाला ही कल्पना नवीन नाही. ‘मायबोली’ १९९६ पासून आहे, म्हणजे माझ्यापेक्षा मोठी. तिथे पाककृतींपासून कवितांपर्यंत सगळं धाग्यांत बांधलेलं सापडतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्यातल्या चर्चेच्या पानाचं नावच ‘चावडी’ आहे. तिथे कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, सगळा इतिहास जपलेला असतो.

आता भांडण. लिस्टवाले म्हणायचे, पत्र माझ्या घरी येतं, फोरमवर मला जावं लागतं, आणि माणूस चार दिवस जातो, पाचव्या दिवशी विसरतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. डायल-अपच्या काळात तर लाईन जोडायची, मेल उतरवून घ्यायच्या, लाईन तोडायची आणि मग निवांत वाचायचं, हीच सोय होती. फोरमवाले म्हणायचे, मला एकच प्रश्न विचारायचाय, त्यासाठी रोज पन्नास मेल का झेलू? तेही बरोबरच. त्यात लिस्टवर शिस्त कडक. आधीच्या मेलच्या वर उत्तर लिहायचं की खाली, यावरून नवख्या माणसाची हजेरी घेतली जायची. जुने संग्रह वाचताना मला वाटलं, बापरे, आपण इथे तोंड उघडलं नसतं.

हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. सीएनसी मशीन चालवणारं ‘लिनक्ससीएनसी’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्या वापरणाऱ्यांची मेलिंग लिस्टही आहे आणि फोरमही. अशा ठिकाणी नवा माणूस आधी फोरमवर विचारतो आणि एखादा मुरलेला माणूस फक्त लिस्ट वाचत बसलेला असतो. पायथन भाषा घडवणाऱ्यांनी मात्र २०२२ मध्ये आपली वर्षानुवर्षांची मुख्य यादी सोडून चर्चा फोरमवर नेली.

मला विचाराल तर मी फोरमच्या बाजूची. माझी कसोटी साधी आहे. ज्याची आणि माझी कधी ओळख झाली नाही, होणारही नाही, अशा माणसाला तीन वर्षांनी हे उत्तर सापडेल का? सुप्यात एमआयडीसी आहे, जपानी कंपन्यांसाठी राखलेला पट्टा आहे. पारनेर, श्रीगोंद्याकडची आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं ट्रेनी म्हणून लागतात. रात्रपाळीत सीएनसीच्या स्क्रीनवर अलार्म येतो, लाल अक्षरात इंग्रजी ओळ. सुपरवायझर दुसऱ्या शेडमध्ये. मुलगा करतो काय, तर ओळखीच्या ग्रुपवर विचारतो. ग्रुपमध्ये कुणी जागं असेल तर ठीक. नसेल तर मशीन उभं आणि सकाळी बोलणी. प्रत्यक्षात तोच अलार्म मागच्या महिन्यात, मागच्या वर्षी, शेजारच्या कंपनीत कुणाला तरी येऊन गेलेला असतो. इंग्रजीत अशा प्रश्नांसाठी ‘सीएनसीझोन’, ‘प्रॅक्टिकल मशिनिस्ट’सारखे फोरम वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि इंग्रजी चांगलं असलेला मुलगा तिथून उत्तर काढतोही. बाकीच्यांनी काय करायचं? इथे फरक हुशारीचा नसतो, भाषेचा असतो. पण रात्री मशीन कुणाचं चालू राहिलं एवढंच वरिष्ठांना दिसतं आणि कायम कोण होणार ते त्यावरून ठरतं.

(कंपनीचा प्रोग्रॅम किंवा शॉपफ्लोअरचा फोटो बाहेर टाकायचा नसतो, हे मला माहीत आहे. मी सर्वसाधारण प्रश्नांबद्दल बोलतेय. अलार्मचा अर्थ हे काही गुपित नाही.)

लिस्टवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. मेलिंग लिस्टमध्ये प्रत्येक पत्राची प्रत शेकडो लोकांच्या घरी असते. मधला सर्व्हर जळाला तरी कुणाच्या तरी इनबॉक्समधून सगळं परत उभं करता येतं. फोरमचा सगळा जीव एका डेटाबेसमध्ये. मालक कंटाळला, डोमेनचे पैसे भरायचे राहिले, की गेलं. आणि मालक मोठी कंपनी असली तरी काही फरक पडत नाही. ऑर्कुटवरच्या कम्युनिटी आपल्या दादा-ताईंच्या पिढीने भरभरून वापरल्या. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद. याहू ग्रुप्सवर तर ईमेलही होती आणि वेबही होतं, जगभरातल्या छोट्या छोट्या समूहांनी वर्षानुवर्षांची माहिती तिथे साठवली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने सांगितलं की वेबवरचं जुनं सगळं काढून टाकणार. लोकांची धावपळ झाली, ज्यांना जमलं त्यांनी उतरवून घेतलं. १५ डिसेंबर २०२० ला ती सेवाही पूर्ण थांबली. तेव्हा फोरम म्हणताना मी ‘ज्याची प्रत दुसरीकडे ठेवलेली आहे असा फोरम’ म्हणतेय, हे कृपया धरून चाला.

तसं पाहिलं तर तांत्रिकदृष्ट्या भांडायला फारसं उरलेलं नाही. ‘डिस्कोर्स’सारख्या फोरम सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक संदेश ईमेलने मागवता येतो, त्याला ईमेलनेच उत्तर देता येतं. उलटीकडून ‘मेलमन’च्या नव्या आवृत्तीत यादीचा संग्रह वेब पानांसारखा वाचता येतो आणि तिथूनच लिहिताही येतं. दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत, परवान्याचे पैसे नाहीत. परदेशातले लिस्टवाले आणि फोरमवाले अशा रीतीने एकमेकांच्या अंगणात पोहोचले. दोघांना एक गोष्ट आधीपासून मान्य होती, ती म्हणजे झालेली चर्चा उघडी राहिली पाहिजे. आपण नेमकं तेच सोडलं. आपल्यातले बहुतेक जण ईमेलच्या आणि फोरमच्या जमान्यातून गेलेच नाहीत. स्वस्त डेटा आला, मोबाईल आला आणि आपण थेट ग्रुपमध्ये जाऊन बसलो.

‘मग टेलिग्राम वापरा ना,’ असं एका मित्राने सुचवलं. बरं आहे ते, नवीन माणसाला जुनं दिसतं, सर्चही चांगला चालतो. पण पन्नास प्रश्न एकाच नदीतून वाहतात. कुठल्या प्रश्नाचं कुठलं उत्तर, हे लावत बसायचं.

आता एक गोष्ट मुलगी म्हणून. सॉफ्टवेअरच्या ग्रुपमध्ये शिरायचं तर माझा मोबाईल नंबर हजार अनोळखी लोकांपुढे ठेवावा लागतो. मी डिझाईन शिकताना एका ग्रुपमध्ये गेले होते. प्रश्न एक विचारला. उत्तर मिळालं एक, आणि पर्सनलवर गुड मॉर्निंग आले सात जणांचे. एकाने डीपी बदलल्याबद्दल अभिनंदन केलं. मी ग्रुप सोडला. आमच्या वर्गातल्या मुली आता मित्राला सांगतात, ‘तू विचारून दे ना.’ म्हणजे शिकायचं तेही मध्यस्थ लावून. फोरमवर टोपणनावाने विचारता येतं आणि मी मुलगी आहे की मुलगा, सुप्याची की सोलापूरची, याच्याशी कुणाला काही घेणं नसतं. मेलिंग लिस्टवरही निदान ईमेल पत्ता वेगळा काढता येतो. मी फोरमच्या बाजूची असण्याचं हे अर्धं कारण आहे, आणि पुरुष लेखकांच्या ‘कुठलं माध्यम चांगलं’ छापाच्या लेखांत मला ते वाचायला मिळालं नाही.

दादांचा आक्षेप अगदी वेगळा होता. मी म्हटलं, ‘दादा, तुम्ही ही उत्तरं लिहून उघडी ठेवा ना.’ ते म्हणाले, ‘ताई, ग्रुपमध्ये सांगतो ते आपल्या धंद्यातल्या माणसांना. उघड्यावर टाकलं तर उद्या समोरच्या गाळ्यात नवा फ्लेक्सवाला बसेल आणि माझ्याच उत्तरावर माझं गिऱ्हाईक नेईल.’ यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. छोट्या गावात माहिती हेच भांडवल असतं. ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्यापेक्षा ज्याला मशीन नीट चालवता येतं त्याला मान. पण नंतर विचार केला, दादांकडे गिऱ्हाईक येतं ते ‘ऱ्य’ नीट येतो म्हणून नाही. फुटलेल्या ‘ऱ्य’वालेही जोरात चाललेत. लोक येतात कारण दादा सकाळी दिलेला बॅनर संध्याकाळी बांधून देतात आणि साहेबांचा फोटो कार्यकर्त्याच्या फोटोपेक्षा किती मोठा ठेवायचा हे त्यांना बरोबर कळतं. ते ज्ञान कुठल्या फोरमवर जाणार नाही. दादांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘बघू.’ नगरी ‘बघू’ म्हणजे नकार नसतो. होकारही नसतो.

‘आता कोण फोरम वाचतंय, एआयला विचारायचं,’ हाही सल्ला मिळाला. विचारलं की. पहिलं उत्तर आलं ते दादांच्या जुन्या आवृत्तीत नसलेल्या मेनूचं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. या चॅटबॉटना प्रोग्रॅमिंग इतकं येतं त्यामागे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’सारख्या उघड्या जागांवर लोकांनी लिहिलेल्या उत्तरांचा मोठा हात आहे. आमच्या डीटीपी ग्रुपची १०२४ माणसं काय बोलतात, ते त्यांना वाचायला मिळणार कुठून? जे मराठीत उघड्यावर लिहिलंच नाही, ते मराठीत सांगणार कोण?

‘स्टॅक ओव्हरफ्लो’वरून आठवलं. २००८ मध्ये ते इंग्रजीत सुरू झालं. पुढे त्याच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी अशा स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या. मराठी नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, कारण मागणी करणारे आपण कुठे दिसतो? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपनीतला जपानी इंजिनिअर अडला तर त्याला त्याच्या भाषेत प्रश्नोत्तरांची जागा आहे. त्याच्या हाताखालचा पारनेरचा मुलगा अडला तर त्याला एक ग्रुप आहे, आणि तो फुल आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्याकडेही अभिनंदनाचे फ्लेक्स लागले होते. एकावर ‘महाराष्ट्रातील सार्या मराठीजनांना’ शुभेच्छा होत्या. मी फोटो काढून ठेवलाय.

फोरम उभारायचा तर अवघड काय आहे? सॉफ्टवेअर फुकट. भाड्याचा छोटा सर्व्हर आणि डोमेन, हा खर्च एखाद्या गणेश मंडळाच्या डीजेपुढे काहीच नाही. अवघड आहे ते घर सांभाळणं. जाहिराती उडवणं, भांडणं सोडवणं, एकच प्रश्न पाचव्यांदा आला की न चिडता जुन्या धाग्याचा पत्ता देणं. लिस्टवाल्यांचा तो जुना खेकसणारा स्वभाव आपण उचलला तर पहिल्याच आठवड्यात पोरं परत ग्रुपवर पळतील. ग्रुप बंद करायची गरजही नाही. तातडीची मदत तिथेच मिळते, मिळू दे. फक्त उत्तर मिळालं की कुणीतरी ते दोन ओळींत लिहून बाहेर नेऊन ठेवायचं.

कुणी करायचं? राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, ती मनावर घेईल तर छानच. पण माझी नजर जवळच्या कॉलेजांवर आहे. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. माझ्या ओळखीतल्या चार जणांनी वेगवेगळ्या वर्षी तेच ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ केलं, आणि त्यातल्या एकाही सिस्टिममध्ये कधी पेशंट आला नाही. त्याऐवजी एका बॅचने असा फोरम उभारावा, पुढच्या बॅचने तो चालता ताब्यात घ्यावा, आणि दर महिन्याला त्याची प्रत काढून दुसऱ्या कॉलेजात ठेवली का, यावर मार्क द्यावेत. व्हायव्हाला सर विचारतील ते प्रश्न तरी खरे असतील. दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हर बसला तर काय, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. ते बॅचने शोधावं.

दरम्यान मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी दादांच्या ग्रुपमधली उत्तरं लिहून काढायला घेतली आहेत. (‘बघू’नंतर तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला, ‘या, बसा, पण नावं-नंबर लिहायचे नाहीत.’ ज्यांची उत्तरं आहेत त्यांनाही ते विचारतायत.) काम वाटलं त्यापेक्षा किचकट आहे. व्हॉइस नोटमध्ये मागे मशीन चालू असतं, कुणी चहा पितंय, कुणाचं गिऱ्हाईक मध्येच येतं आणि वाक्य अर्धं राहतं. श्रीलिपीच्या एका जुन्या अडचणीवर एका काकांचं उत्तर सगळ्यांनी अंगठे देऊन उचलून धरलंय. त्यात ते एवढंच म्हणतात, ‘ते डावीकडचं काढून टाका, मग होतं बरोबर.’ डावीकडचं म्हणजे नेमकं काय, हे विचारायला आम्ही परवापासून फोन लावतोय. लग्नसराई आहे, काका उचलत नाहीयेत.